चौदा तारखेला गाडी कोणाकडे होती

५ डिसेंबर २०२४, गुरुवार

दुपारी मशीनवर बसले होते तेवढ्यात फाटक वाजलं. पारोळ्याहून हवालदार आला होता. मला वाटलं लखनच्या पोलीस भरतीचं काही असेल, तर कागद माझ्याच नावाचा निघाला. उषा चुडामण देवरे, राहणार देवपूर, धुळे.

१४ नोव्हेंबरला दुपारी मुकटीच्या पुढे, पारोळ्याच्या अलीकडे, आमच्या नंबरच्या गाडीनं सुगंधाबाई नावाच्या एका बाईला उडवलं. तिचा पाय मोडला. गाडी निघून गेली. जवळच्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात नंबर आला आहे, पण काचेवर ऊन पडल्यामुळे चालवणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. गाडीची मालक म्हणून मी लेखी कळवायचं की त्या वेळी ती कोण चालवत होतं. नाही कळवलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ खाली माझ्यावरच खटला. निवडणुकीच्या बंदोबस्तामुळे कागद यायला उशीर झाला, असं हवालदार म्हणाला. चहाला नको म्हणाला.

आयटीआयमधून शिवणाची निदेशिका म्हणून निवृत्त झाले तेव्हा गाडी मी घेतली, म्हणून माझ्या नावावर. चालवायला मात्र कधी शिकले नाही. चालवतात हे, आणि कधीमधी यांचा पुतण्या लखन. त्या आठवड्यात मी जळगावला मुलीकडे, मोहिनीकडे होते, नातवाला टायफॉइड झाला होता. घरी हे दोघंच.

यांना विचारलं. म्हणाले, "गाडी जागची हलली नाही." नंबर आपला आहे म्हटलं, तर म्हणाले की पोलिसांनी वाचायला चूक केली असेल.

यांनी उभा जन्म एसटी चालवली, बहुतेक धुळे-जळगाव. एकही अपघात नाही. महामंडळानं दिलेला विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात आहे. यांच्या शब्दावर मी कशाला शंका घेऊ.

राहिला लखन.

६ डिसेंबर

लखनला सकाळी विचारायचं ठरवलं होतं, पण तो उजाडायच्या आत एसआरपीच्या मैदानावर धावायला गेला. शिंदखेड्याच्या भावजींचा, रोहिदासचा हा मुलगा. भरतीच्या तयारीसाठी वर्षभर आमच्या वरच्या खोलीत राहतो. पोरगा कामाचा आहे. पण वय सव्वीस आणि हातात गाडीची किल्ली.

गाडी नीट पाहिली. डावीकडचा हेडलाइट नवा आहे, उजव्यापेक्षा पांढरा दिसतो. बंपरवर रंगाचा हात मारला आहे. मी जळगावहून आल्यापासून हे दिसत असणार, माझंच लक्ष नव्हतं. यांना दाखवलं. बराच वेळ वाकून पाहत राहिले, मग म्हणाले, "हा कधी बदलला?" मलाच विचारतात.

संध्याकाळी कोथिंबीर आणायला पाठवलं तर दोन तास आले नाहीत. डेपोत जुने लोक भेटले म्हणे. कोथिंबीर आणली नाहीच. निवृत्त माणसाला घरात करमत नाही, त्याला मी काय करणार.

८ डिसेंबर, रविवार

लखनला जेवताना विचारलं. चौदा तारखेला तो दिवसभर मैदानावर होता, मुलांची चाचणी होती म्हणाला. मान खाली घालून पोळीचा तुकडा मोडत होता. मी म्हटलं, "मग गाडी कोणी नेली?" त्यानं यांच्याकडे पाहिलं आणि परत खाली पाहायला लागला. हे म्हणाले, "रोहिदास खोटं बोलणार नाही." मी म्हटलं, अहो, हा लखन आहे. "तेच म्हटलं मी."

आमच्याकडे गाडीचं काम गॅरेजवाला तोताराम करतो. उद्या त्याच्याकडे जाते.

९ डिसेंबर

तोतारामनं सांगितलं की हेडलाइट त्यानंच बदलला. गाडी कोणी आणली विचारलं, तर म्हणाला, "नानांनी स्वतः. म्हणाले, बैल आडवा आला."

यांना सगळे नाना म्हणतात. म्हणजे यांना माहीत होतं. घरी येऊन विचारलं तर मी तोतारामकडे गेलोच नाही, म्हणाले. इतक्या शांतपणे म्हणाले की मला रागच आला. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी मला कधी फसवलं नाही, आणि आता पुतण्यासाठी फसवतात. भावाच्या मुलाची नोकरी जाईल म्हणून गाडी गुपचूप दुरुस्त करून आणली, बैलाची गोष्ट रचली, आणि माझ्यासमोर काही न घडल्यासारखं बसतात. मी रात्री जेवले नाही. यांना कळलंही नाही.

१२ डिसेंबर

वकील हेमलता बोरसे यांच्याकडे गेले. आयटीआयमध्ये माझ्या वर्गातल्या एका मुलीची ही बहीण, धुळ्याच्या कोर्टात चांगलं नाव आहे. तिनं सरळ सांगितलं: ज्याचं नाव माहीत आहे ते लिहा, माहीत नसेल तर शोधायला काय काय केलं ते लिहा, नुसतं 'माहीत नाही' लिहिलंत तर ते लपवल्यासारखं दिसेल आणि खटला तुमच्यावर येईल.

मी म्हटलं, संशय आहे, खात्री नाही.

"संशय लिहू नका," ती म्हणाली. "तुम्ही ज्याचं नाव लिहाल त्याच्या दारात पोलीस जातील."

१५ डिसेंबर, रविवार

रोहिदास भावजी शिंदखेड्याहून आले. कोणी कळवलं कोण जाणे. आल्या आल्या माझ्या पायाशी बसले, मला अवघडल्यासारखं झालं. "वहिनी, लखननं नाव तेवढं नका टाकू. तेनी मैदानी चाचणी तोंडवर शे. एकदा केस पडनी का बठ्ठं संपनं." पोराची चाचणी तोंडावर आहे, केस पडली की सगळं संपेल, हेच परत परत म्हणाले. मग त्यांनी एक उपाय सांगितला. त्यांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर आहे, तो स्वतःचं नाव द्यायला तयार होईल, त्याची व्यवस्था ते करतील. मी नाही म्हटलं. ज्यानं केलं नाही त्यानं कशाला कोर्टात उभं राहायचं.

हे शेजारीच बसले होते. भावजी गेल्यावर म्हणाले, "रोहिदास कशाला आला होता?"

इतकं सगळं ऐकून विचारतात. नाटक किती करावं माणसानं.

१७ डिसेंबर

कागदाला उत्तर दिलं. 'त्या दिवशी मी जळगाव येथे होते. वाहन कोण चालवत होते याची मला माहिती नाही.' हेमलतानं दोनदा विचारलं, एवढंच लिहायचं का. एवढंच, म्हटलं. लखनचं नाव लिहायला हात उचलला नाही. पण नाव न लिहून मी त्याच्यावर उपकार केले असंच मनात होतं, हे इथे लिहून ठेवते.

२९ डिसेंबर, रविवार

मोहिनी मुलांना घेऊन दोन दिवस राहून गेली. जाताना म्हणाली, "आई, पप्पांना एकदा डॉक्टरांना दाखव." मी म्हटलं, रक्तदाब आहे, गोळी चालू आहे. ती म्हणाली, पप्पांनी काल मला विचारलं, तुझी बारावीची परीक्षा कधी आहे. मी म्हटलं, अगं, तुझी चेष्टा करतात. लहानपणापासून तुझी चेष्टा करायची सवय आहे त्यांना. मोहिनी अडतीस वर्षांची झाली तरी चेष्टा कळत नाही तिला.

खाकी शर्ट धुवायला निघाला यांचा. जुने कपडे घरात वापरून टाकतात, चांगलं आहे.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

समन्स आलं. पारोळ्याच्या कोर्टात, फेब्रुवारीत तारीख. चालकाची माहिती न दिल्याबद्दल मी आरोपी. सगळा जन्म मुलींना टीप सरळ घाला म्हणत गेला, आता आरोपी.

आणि लखनला पारोळ्याच्या पोलीस ठाण्यात बोलावलं. घरात गाडी चालवणारा दुसरा कोण आहे, हे त्यांनी शेजारी चौकशी करून काढलं असणार. दिवसभर बसवून ठेवलं. संध्याकाळी आला तो वर न जाता स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला.

मी म्हटलं, "लखन, तू चालवत होतास ना? आता तरी सांग. मी तुझ्या बाजूनं उभी राहीन."

"काकू, मी नव्हतो."

"मग कोण?"

तो म्हणाला, "किल्ली नानांकडून काढून घ्या. एवढंच ऐका माझं."

मी फार संतापले. ज्या काकानं याच्यासाठी स्वतःची लाज सोडली, त्याच्या हातून किल्ली काढायला सांगतो. जे तोंडात आलं ते बोलले. आमचं खाऊन आम्हालाच शिकवतोस, हेही बोलले. तो वर गेला, बॅग भरली, यांच्या पाया पडला आणि शेवटच्या गाडीनं शिंदखेड्याला निघून गेला. हे फाटकापर्यंत गेले. परत येऊन म्हणाले, "चांगला होता पोरगा. कोणाचा?"

मी पोळ्या लाटत होते. लाटणं तसंच धरून उभी राहिले.

११ जानेवारी

काल रात्रीपासून तेच डोक्यात आहे. कोणाचा? ऐकण्यात चूक झाली असेल. कोणाचं काय चुकलं, असं म्हणाले असतील.

यांना सहज विचारलं, आज वार कोणता. म्हणाले, बाजाराचा. बाजार मंगळवारी असतो. आज शनिवार.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ केले. यांनी मला तिळगूळ दिला, थोड्या वेळानं परत दिला, आणि परत. तिन्ही वेळा गोड बोल म्हणाले. मी तिन्ही वेळा घेतला.

किल्ली माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवली आहे. यांनी शोधली नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज सुगंधाबाईला भेटून आले. हेमलता नको म्हणाली होती, फिर्यादीला आरोपीनं भेटणं बरं दिसत नाही म्हणून. पण मला राहवेना. एसटीनं मुकटीपर्यंत, पुढे रिक्षा. हे नको नको म्हणत असताना शेजारच्या बेबाबाईंना घरी बसवून गेले.

सुगंधाबाई साठीची असेल. दोन खोल्यांच्या घरात खाटेवर बसली होती, मांडीपर्यंत प्लास्टर, बाजूला कापसाची बोंडं सोलायला घेतलेली. मी कोण ते सांगितलं. वाटलं हाकलून देईल. तिनं सुनेला पाणी आणायला सांगितलं. वेचणीहून डोक्यावर गाठोडं घेऊन ती रस्त्याच्या कडेनं चालली होती, गाडीचा कोपरा लागला आणि ती चारीत पडली.

मी विचारलं, गाडी थांबली नाही का. ती म्हणाली:

"थांबनी ना ताई. तो बाबा उतरना. पांढरा केस, खाकी शर्ट. माले उठाडं, बाटलीनं पानी पाजं, पदर नीट करा. वाईट मानूस नही व्हता. मी म्हनं, माले दवाखानाम्हा लई चाल. मंग तेनी घड्याय दखं. म्हने, टाइम व्हई गया. गाडी आते पुढला स्टॉपलेच थांबी. नि चालना गया."

तिनं हे पोलिसांनाही सांगितलं होतं म्हणे. त्यांना त्यात काही अर्थ वाटला नाही, वेदनेनं बाई बरळते असं लिहून घेतलं असेल. तिला स्वतःलाही अर्थ लागला नव्हता. "कोनता स्टॉप, ताई?" तिनं मला विचारलं.

मी तिला म्हटलं, तो माझा नवरा असेल. असेल नाही, आहेच. ती म्हणाली, "एस्टीवाला व्हता का?" मी हो म्हटलं. निघताना तिच्या सुनेनं सांगितलं, चालक सापडला नाही म्हणून विम्याचं काम पुढे सरकत नाही, आणि सासूबाई यंदा शेतात उभ्या राहणार नाहीत.

परतीच्या एसटीत ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर जागा मिळाली. मी रस्ताभर त्याच्या हातांकडे पाहत होते.

२० जानेवारी

लखननं गाडी परत आलेली पाहिली असणार. खाकी शर्टात काकाला उतरताना पाहिलं असणार. काकाचं नाव घ्यायचं नाही म्हणून पोलीस ठाण्यात दिवसभर बसला. आणि मी त्याला काय काय बोलले.

फोन केला. भावजींनी घेतला. लखन धावायला गेला आहे म्हणाले. आवाज थंड होता.

२४ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरांकडे गेलो. मेंदूचे डॉक्टर, मोहिनीनं वेळ घेऊन दिली, स्वतः जळगावहून आली. त्यांनी यांना साल विचारलं. हे हसले, म्हणाले, कॅलेंडर तुमच्या मागे आहे, मग मला काय विचारता. पण कॅलेंडर पाहूनही सांगता आलं नाही. घड्याळ काढायला सांगितलं तर सगळे आकडे एका बाजूला गोळा झाले. मग डॉक्टर म्हणाले, तुम्ही एसटीत होतात ना, कोणत्या रूटवर? हे खुर्चीत ताठ झाले. धुळे, फागणे, अजंग, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, जळगाव. कुठे चढ आहे, कुठे गतिरोधक नवा झाला, सगळं सांगितलं. मोहिनी रडायला लागली. मी पर्समधली चिठ्ठी शोधत राहिले, चिठ्ठी काही नव्हतीच.

तपासण्या व्हायच्या आहेत. पण डॉक्टरांनी सांगितलं ते असं की हे एका दिवसात झालेलं नाही, दोनेक वर्षं तरी चालू असेल. घरच्यांच्या लक्षात आलं नाही का, म्हणाले.

नाही आलं.

२८ जानेवारी

हेमलताकडे गेले, सगळं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. मग वकिलासारखं बोलली. गप्प राहिलात तर तुम्हाला दंड होईल, तो भरायचा आणि विषय संपला. त्या बाईचं बोलणं पोलिसांनी बरळणं म्हणून सोडून दिलं आहे, चालक कोण ते सिद्ध करायला त्यांच्याकडे फारसं काही नाही. नाव दिलंत तर खटला त्यांच्यावर उभा राहील. आजाराचे कागद दाखवता येतील, पण लायसन जाईल, कोर्टात यावं लागेल, आणि त्यांच्या नोकरीचा सगळा लौकिक एका ओळीत जाईल. "घाईनं ठरवू नका," म्हणाली.

गप्प राहणं सोपं आहे. कोणाला कळणार नाही. पण पोलिसांच्या लेखी संशय लखनवर राहील, भरतीच्या वेळी चौकशी होते तेव्हा तोच निघेल. आणि त्या बाईचं काम अडून राहील. दुसऱ्या पारड्यात यांचा तो बिल्ला. दिवसभर तोलत बसले. यांच्यावर अन्याय होईल असंही वाटतं. ज्यानं केलं तो हा माणूस नव्हेच, असंही वाटतं. मग वाटतं, मग कोण?

३० जानेवारी, गुरुवार

यांना सांगितलं. सकाळी, चहा झाल्यावर, डोकं त्यातल्या त्यात स्वच्छ असतं तेव्हा. अहो, चौदा तारखेची गाडी तुम्हीच चालवत होतात. एका बाईला लागली.

माझ्याकडे पाहत राहिले. "तू पाहिलंस?"

"नाही. त्या बाईनं सांगितलं. तुम्ही तिला पाणी पाजलंत. ती दवाखान्यात ने म्हणाली, तर तुम्ही म्हणालात, गाडी आता पुढच्या स्टॉपलाच थांबेल."

हे म्हणाले, "ते माझंच बोलणं आहे. मधे कुठे थांबवत नसे मी." हात पाहिले स्वतःचे, उलटे-सुलटे. मग गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी शेजारी उभी राहिले. "पाय मोडला का तिचा?" हो, म्हटलं. डोळे पुसले त्यांनी. लग्नानंतर दुसऱ्यांदा पाहिलं मी ते. पहिल्यांदा आमचा मोठा मुलगा गेला तेव्हा.

३१ जानेवारी

सकाळी उठून म्हणाले, पोलिसांच्या त्या कागदाचं काय झालं? गाडी तर जागची हलली नव्हती.

म्हणजे पुन्हा सांगायचं. सांगितलं. पुन्हा तसेच हात पाहिले, पुन्हा तोच प्रश्न, पाय मोडला का. पुन्हा डोळे पुसले. त्यांना दुःख दर वेळी पहिलंच होतं, माझं मात्र साचत गेलं.

३ फेब्रुवारी

रोज सांगायचं नाही असं ठरवलं. त्यांना रोज नव्यानं दुखवून कोणाचा फायदा. कोर्टाच्या दिवशी सकाळी सांगायचं, तेवढंच. हेमलताला कळवलं की अर्जात नाव लिही. चुडामण देवरे, माझे पती. माझ्या सहीची वेळ आली तेव्हा सही नीट आली.

५ फेब्रुवारी

मी एकटी शिंदखेड्याला गेले. लखन मैदानावरून येईपर्यंत ओट्यावर बसले. भावजींनी चहा दिला. लखन आला, मला पाहून घुटमळला. मी म्हटलं, माझं चुकलं, मी तुला बोलायला नको होतं. तो म्हणाला, "तुम्हाला माहीत नव्हतं, काकू." मी म्हटलं, तुला माहीत होतं. त्यानं मान हलवली. चौदा तारखेला तो मैदानावरून आला तेव्हा हे गाडीतून उतरत होते, फुटलेला दिवा, अंगावर खाकी. लखनला म्हणाले, "डेपोत कळव, गाडी वेळेवर आली." त्यानं बरं म्हटलं आणि किल्ली मागितली. ती त्यांनी दिली नाही. नंतर दोन दिवस त्यानं रात्री किल्ली काढून ठेवली, पण दिवसा नाना मागायचे आणि त्याला नाही म्हणता येईना.

"मला का नाही सांगितलंस?"

"नानांबद्दल मी कसं सांगणार? तुमच्याच लक्षात आलं असतं तर ठीक होतं."

तारखेला गाडी चालवायला येतो म्हणाला. गाडी नको, आपण एसटीनं जाऊ, म्हटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज कोर्ट झालं. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी यांना सांगितलं. या वेळी फार विचारलं नाही, पांढरा सदरा घातला आणि दाढी दोनदा केली. पारोळ्याला पोचलो तेव्हा हेमलता आलीच होती. मोहिनी, लखन, भावजी मागच्या बाकावर. सुगंधाबाईला सून घेऊन आली होती, प्लास्टर निघालं होतं पण कुबडी होती. तिनं मला नमस्कार केला आणि यांच्याकडे पाहिलं.

आमचं प्रकरण जेवणाच्या सुट्टीआधी निघालं. न्यायाधीश तरुण बाई आहेत. हेमलतानं अर्ज दिला: आरोपीनं चालकाचं नाव आता कळवलं आहे, आधी कळवता आलं नाही कारण तिला खरंच माहीत नव्हतं, आजाराचे कागद जोडले आहेत. न्यायाधीशांनी वाचलं. मला विचारलं, कोणाच्या दबावाखाली नाव देता का. नाही, म्हटलं. नवऱ्याचं नाव देता, हे समजतं ना? समजतं, म्हटलं.

मग यांना पुढे बोलावलं. हेमलतानं यांना बाहेर पुनःपुन्हा सांगितलं होतं की फक्त 'आठवत नाही' एवढंच म्हणा, बाकी मी पाहते. न्यायाधीशांनी विचारलं, १४ नोव्हेंबरला गाडी तुम्ही चालवत होतात का?

हे कठड्याला हात लावून उभे राहिले. माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाले:

"मॅडम, मला आठवत नाही. मी इतकी वर्षं गाडी चालवली, कोणाला खरचटू दिलं नाही, ते आठवतं. हे आठवत नाही. पण ही म्हणते, मी होतो. हिनं मला आजवर खोटं सांगितलेलं नाही. ही म्हणते म्हणजे मीच होतो. तसं लिहून घ्या."

हेमलतानं डोळे मिटून घेतले. टंकलेखक थांबला होता, मग न्यायाधीशांनी मान हलवल्यावर त्याची बोटं चालली.

माझ्यावरच्या प्रकरणात उशिरा माहिती दिल्याबद्दल थोडा दंड झाला, भरून टाकला. यांच्यावरचा खटला वेगळा चालेल. त्यांना खटल्याचं कितपत कळतं हे डॉक्टर आधी कोर्टाला सांगतील, मग पुढचं. लायसन जमा केलं. हेमलता म्हणते, सुगंधाबाईचा विम्याचा दावा आता पुढे जाईल. लखनचं नाव कागदातून गेलं.

बाहेर आल्यावर रोहिदास भावजी यांच्या गळ्यात पडले. हे म्हणाले, "अरे, काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

परत येताना एसटीत गर्दी होती. लखननं जागा धरली. फागण्यापर्यंत हे खिडकीतून बाहेर पाहत होते. मग मला विचारलं, आपण कुठे गेलो होतो. पारोळ्याला, कोर्टात, म्हटलं. कशाला? मी सांगितलं नाही, नंतर सांगते म्हटलं. बरं, म्हणाले.

पांझरेचा पूल आला तेव्हा माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाले, "त्या बाईचा पाय बरा होईल ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. कोणती बाई ते त्यांना माहीत असावं असं चेहऱ्यावर काही नव्हतं.

"होईल," म्हटलं.

"मग झालं," म्हणाले, आणि उतरायला उठले.